चालकाविना गाडी कारखान्यात आणण्याआधी

प्रश्न : आमचा यंत्रभागांचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. स्टोअरमधून मशीन शॉपपर्यंत माल नेण्यासाठी दोन फोर्कलिफ्ट आहेत आणि हातट्रॉल्या ओढणारी माणसे आहेत. आता चालकाविना चालणाऱ्या गाड्या घ्यायचे मालकांच्या मनात आहे. या गाड्यांना वाट कशी कळते? माणसाला धडक बसणार नाही याची खात्री काय? आणि ट्रॉली ओढणाऱ्या आमच्या माणसांचे पुढे काय?
— एक स्टोअर सुपरवायझर, भोसरी

उत्तर : गाडीला वाट दाखवण्याची युक्ती सत्तर वर्षांपूर्वीची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने माल ओढणारा एक छोटा ट्रॅक्टर घेतला, त्यावरचा चालक उतरवला आणि डोक्यावर ताणलेल्या तारेच्या अनुरोधाने तो चालवून दाखवला. पुढे ही तार जमिनीत गेली. फरशीत बारीक खाच पाडून तार पुरायची आणि तिच्यातून ठरावीक वारंवारतेचा प्रवाह सोडायचा. गाडीच्या पोटाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक कॉइल असते. दोन्हींना सारखेच चुंबकीय क्षेत्र जाणवले तर गाडी तारेच्या मधोमध आहे. एकीला जास्त जाणवले तर त्या बाजूला वळायचे. पद्धत भरवशाची आहे, पण वाट बदलायची म्हणजे फरशी फोडायची. म्हणून फरशीवर चिकटवायची चुंबकीय पट्टी आली. ती स्वस्त पडते, मात्र फोर्कलिफ्टची जड चाके तिच्यावर वळली की ती सोलून निघते.

आज बहुतेक विक्रेते तुम्हाला लेझरवाली गाडी दाखवतील. तिचा लेझर भोवतालच्या भिंती, खांब आणि यंत्रे यांची अंतरे सतत मोजत असतो. सुरुवातीला गाडी हाताने सगळीकडे फिरवून शॉपचा नकाशा बनवतात. नंतर समोर दिसणारी आकृती ती त्या नकाशाशी जुळवते आणि आपण कुठे आहोत ते ठरवते. मधल्या क्षणांत चाकांचे फेरे मोजून अंदाज बांधते. यातच तिची दोन दुखणी आहेत. कूलंटवर चाक घसरले तर अंदाज चुकतो. आणि भिंतीऐवजी रोज जागा बदलणाऱ्या पॅलेटच्या थप्प्याच दिसत असतील तर नकाशा जुळत नाही, गाडी वाट हरवून उभी राहते.

लेझरवाल्या गाडीची मोठी जाहिरात अशी की वाटेत काही आडवे आले तर ती बाजूने निघून जाते. पट्टीवरची गाडी थांबून राहते. मला तुमच्यासारख्या ठिकाणी थांबणारी गाडी अधिक पसंत आहे. मशीन शॉपच्या गल्ल्या अरुंद असतात, वळसा घालायला जागा नसते. शिवाय गाडी नेमकी कुठून येणार हे ठाऊक असले की माणूस निर्धास्त काम करतो. ती थांबली की वाटेत ट्रॉली कोणी लावली हेही लगेच कळते. बाजूने जाणारी गाडी तो पसारा तसाच चालू ठेवते.

आता सुरक्षितता. अशा गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खरेदीच्या कागदात त्याचा उल्लेख हवाच. गाडीच्या पुढच्या भागात सुरक्षा स्कॅनर असतो. आतल्या क्षेत्रात पाय दिसला की ब्रेक लागतो, बाहेरच्या क्षेत्रात दिसला की वेग कमी होतो. वेग वाढला की ही क्षेत्रेही लांबवावी लागतात, कारण वेगातली भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. व्यवस्था चांगली आहे, पण तिची मर्यादा तुमच्या माणसांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या. हा स्कॅनर घोट्याच्या थोडे वर, एकाच आडव्या पातळीत पाहतो. जमिनीला टेकलेले फोर्क त्याच्या खाली राहतात. ट्रॉलीबाहेर कमरेच्या उंचीवर आलेला बार त्याच्या वर राहतो. दोन्ही त्याला दिसत नाहीत. त्यासाठी वेगळे कॅमेरे बसवता येतात, तरी बार बाहेर येऊ न देणे हा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे.

गाड्या किती घ्यायच्या, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पैसे तिथेच बुडतात म्हणून सांगतो. समजा स्टोअर ते मशीन शॉप जाऊन-येऊन २४० मीटर आहे आणि गाडी सेकंदाला १ मीटर चालते. चालण्याची ४ मिनिटे झाली. माल चढवायला एक, उतरवायला एक, म्हणजे फेरी ६ मिनिटांची. तासाला कागदावर १० फेऱ्या. चार्जिंग, वळणावरचे थांबे, कोणीतरी समोर येणे हे धरले की हाती ७ किंवा ८ उरतात. तासाला २० पॅलेट हवे असतील तर ३ गाड्या. विक्रेता वेगाचे आकडे सांगेल. पण उतरवून घ्यायला माणूस जागेवर नसेल आणि गाडी एकाऐवजी ५ मिनिटे उभी राहिली तर फेरी १० मिनिटांवर जाते. मग वेग दुप्पट केला तरी फक्त २ मिनिटे वाचतात. म्हणून आधी एक आठवडा वही घेऊन बसा: कोणता माल, कुठून कुठे, किती वेळा गेला आणि पोहोचल्यावर किती वेळ पडून राहिला. ही वही भरल्यावर काही जणांना गाडीची गरजच उरत नाही. कच्चा माल यंत्राजवळ हलवला की भागते.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर यंत्रात नाही. व्होल्वो कंपनीने १९७४ मध्ये स्वीडनमधल्या काल्मार इथे मोटारींचा कारखाना काढला. तिथे सरकता पट्टा नव्हता. प्रत्येक मोटारीचा सांगाडा चालकाविना चालणाऱ्या गाडीवर बसून कामगारांच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाई. दोन गटांच्या मध्ये गाड्या थांबायला जागा ठेवलेली होती, त्यामुळे गटाला आपला वेग थोडा मागेपुढे करता येई. सांगाडा आडवा कलवता येत असे, म्हणजे मोटारीच्या तळाचे काम मान वर करून करावे लागत नसे. हा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला. तरी गाडी माणसाच्या सोयीने चालवता येते, हे त्याने वीस वर्षे दाखवले.

दुसरीकडे ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली. तिची चपटी गाडी रॅकखाली शिरते, रॅक उचलते आणि माल काढणाऱ्या माणसासमोर आणून उभी करते. माणसाची पायपीट संपली, पण तो एका जागी खिळला आणि त्याचे हात गाड्यांच्या वेगाने चालू लागले. २०२० मध्ये ‘रिव्हील’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने कंपनीच्या अंतर्गत नोंदी मिळवल्या आणि अशा गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण जास्त असल्याचे मांडले. कंपनीने तो निष्कर्ष नाकारला. चालकाविना गाड्या दोन्हीकडे होत्या. वेग कोणी ठरवायचा, याचे उत्तर मात्र दोघांनी वेगवेगळे दिले.

तुमच्याकडे हे कोण ठरवणार, ते गाडी येण्याआधीच ठरायला हवे. ट्रॉली ओढणाऱ्यांना मालाच्या वाटा तोंडपाठ असतात. कोणत्या वळणावर चिप्स साचतात, पावसाळ्यात कोणत्या शटरखालून पाणी आत येते, कोणत्या पॅलेटची फळी तुटकी आहे, हे त्यांना विचारून मार्ग आखा. त्यांच्यातल्याच दोघा-तिघांना गाड्यांची देखरेख शिकवा: अडलेली गाडी सोडवणे, सेन्सर पुसणे, मार्ग बदलणे. हे शिकायला पदवी लागत नाही. किती जणांना दुसरे काम मिळेल, हे मालकांनी तोंडी न सांगता लिहून द्यावे. फाटकावर ट्रक भरायला-उतरवायला माथाडी कामगार येत असतील तर त्यांची नोंदणी, मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळामार्फत चालते. १९६९ चा माथाडी कायदा मोठ्या संघर्षातून आला आहे. त्यांच्या कामाला हात लावायचा असेल तर बोलणी आधी, खरेदी नंतर.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एक गाडी महिनाभर तुमच्याच शॉपमध्ये चालवून दाखवायला सांगा. त्याच्या नव्या कोऱ्या पॅलेटवर नको, तुमच्या सगळ्यांत वाईट पॅलेटवर. रात्रपाळीतही चालवा आणि मोठ्या रॅकच्या मागे वाय-फाय टिकते का ते पाहा. गाडी किती वेळा थांबली, का थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला किती मिनिटे लागली, याची नोंद तुमच्या माणसाने ठेवावी. नंतर दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घ्यायची वेळ आली तर त्या याच गाड्यांसोबत एका नियंत्रणाखाली चालतील का, हेही विचारा. त्यासाठी व्हीडीए ५०५० नावाची जर्मन संदेशपद्धत आहे. ती या गाडीला कळते का, हे करारात लिहून घ्या.