कुत्रा : घरातला आणि गल्लीतला

(कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. पण त्याच्याशी माणसाने कसे वागावे, यावर आजही वाद चालू आहे. प्रस्तुत पाठात या वादाची, कुत्रा चावल्यावर घ्यायच्या काळजीची आणि कुत्रा पाळणाऱ्यांच्या जबाबदारीची माहिती दिली आहे.)

'कुत्रा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की वर्गातील बहुतेक मुलांचे पहिले वाक्य एकच असते. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे.' यातला 'इमानी' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. अरबी-फारसीतून मराठीत जे अनेक शब्द आले, त्यांपैकी 'इमान' हा एक. मराठीत येताना त्याचा अर्थ मात्र थोडा बदलला. उर्दूत ईमान म्हणजे मुख्यतः श्रद्धा. मराठीत इमान म्हणजे धन्याशी राखलेली निष्ठा. तुम्ही ज्याला 'वफादार' म्हणता, त्याला मराठी माणूस 'इमानी' म्हणतो.

पण निबंधातला कुत्रा वेगळा आणि गल्लीतला वेगळा. निबंधातला कुत्रा चोराला पकडतो आणि घराची राखण करतो. गल्लीतला कुत्रा पहाटे दूध आणायला निघालेल्या मुलाच्या मागे लागतो, रात्रभर भुंकून आजारी माणसाची झोप मोडतो. कोणी त्याला शिळी भाकरी घालते, तर कोणी त्याच्यावर उकळते पाणी ओतते. एकाच गल्लीत हे दोन्ही प्रकारचे लोक राहतात आणि दोघांचेही भांडण होते.

कुत्र्याबद्दल सर्वांच्या चालीरीती सारख्या नाहीत. अनेक मुसलमान घरांत कुत्र्याला घरात घेत नाहीत. त्याची लाळ भांड्याला लागली, तर भांडे धुऊन पाक करतात. राखणीसाठी व शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याला मात्र मोकळीक आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, आपल्या जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हकीकत तुम्ही घरी ऐकली असेल. असहाबे कहफच्या हकीकतीत तर गुहेच्या तोंडाशी कुत्रा बसलेला आहेच. हिंदूंच्या दत्तात्रेयाच्या चित्रात चार कुत्रे असतात. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो. महाभारतात युधिष्ठिर शेवटपर्यंत आपल्याबरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. पारशी लोकांत माणूस वारल्यावर त्याच्या देहाकडे कुत्र्याची नजर पाडण्याचा विधी होता. त्याला 'सगदीद' म्हणतात. 'सग' म्हणजे कुत्रा आणि 'दीद' म्हणजे पाहणे. हे दोन्ही शब्द उर्दू वाचणाऱ्यांना सांगावे लागणार नाहीत.

या सगदीदची आठवण ठेवा. कारण मुंबईत कुत्र्यांवरून एकदा मोठा दंगा झाला, तो याच लोकांनी सुरू केला.

ही गोष्ट १८३२ सालची. मुंबईत तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते. शहरात मोकाट कुत्रे फार झाले, म्हणून उन्हाळ्यात त्यांना पकडून मारण्याचा हुकूम होता. त्या वर्षी कुत्रे मारण्याची मुदत वाढवण्यात आली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. मग काय विचारता! कुत्रे मारणारे बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या आवारात शिरू लागले. मोकाट कोणता आणि पाळलेला कोणता, हे बघायला त्यांना सवड नव्हती. ६ जूनला, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशी, लोकांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी कुत्रे मारणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. या बंदमध्ये पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. शेवटी सरकारला लष्कर बोलवावे लागले. लोकांना शिक्षा झाल्या. पण सरकारलाही आपला हुकूम बदलावा लागला. कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावे असे ठरले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ सुरू झाली. बेवारशी, म्हाताऱ्या व लंगड्या जनावरांना तेथे आसरा मिळू लागला.

म्हणजे हा वाद दोनशे वर्षांचा होत आला. लोक कुत्रे मारण्याची मागणी करत होते, त्यालाही कारण होते. ते कारण म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचे भय.

पिसाळणे म्हणजे कुत्र्याला रेबीज हा रोग होणे. या रोगाचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. कुत्रा चावला, किंवा आपल्या जखमेला त्याची लाळ लागली, की ते शरीरात शिरतात. तेथून ते मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी कमी, कधी वर्षभरही. तोपर्यंत जखम भरून आलेली असते. घरचे लोक ती गोष्ट विसरलेले असतात. मग एक दिवस ताप येतो, चावलेल्या जागी मुंग्या येतात, पाणी गिळताना घसा आवळून येतो. पुढे पुढे तर पाणी नुसते पाहिले तरी रोगी घाबरतो. म्हणूनच मराठीत या रोगाला 'जलसंत्रास' असेही नाव आहे. ही लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जगातल्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात यावर खात्रीचा इलाज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. त्यांपैकी फार मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. संशयित पिसाळलेली जनावरे ज्यांना चावतात, त्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. याचे एक कारण उघड आहे. मुले कुत्र्यांशी खेळतात, त्यांना डिवचतात आणि दिसला कुत्रा की पळत सुटतात. दुसरे कारण फार कोणी बोलत नाही. मूल घरी सांगत नाही. 'अम्मी रागावतील', 'अब्बा मारतील', 'बाहेर खेळायला सोडणार नाहीत', या भीतीने ते ओरखडा बाहीखाली लपवते. म्हणून हे वाक्य दोनदा वाचा. कुत्रा चावला किंवा त्याचा दात नुसता लागला, तरी त्याच क्षणी घरी सांगायचे. शाळेत असाल तर सरांना किंवा बाईंना सांगायचे.

मग काय करायचे? जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे बराच वेळ असतो; घड्याळ लावूनच धुवावी. अनेक विषाणू तेथेच नष्ट होतात. जखमेवर मिरचीपूड, चुना, तंबाखू किंवा तेल लावू नये. जखम घट्ट बांधू नये. त्यानंतर लगेच दवाखाना. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर डॉक्टर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचतात. लसीच्या सर्व मात्रा डॉक्टर सांगतील त्याच तारखांना घ्यायच्या. दोन घेतल्या, बरे वाटले, म्हणून बाकीच्या सोडणे चालत नाही. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नाही.

तुमचे दादाजान किंवा नानाजान कदाचित 'पोटात चौदा इंजेक्शने' घेण्याची भीती सांगतील. त्यांचे खरे आहे. हिमाचल प्रदेशातील कसौली येथे डेव्हिड सेंपल या डॉक्टरांनी बनवलेली ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे आणि रोज एक याप्रमाणे पोटात टोचत असत. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर टोचतात आणि मात्राही चार-पाचच असतात. माणसाला या रोगातून वाचवणारी पहिली लस मात्र त्याहूनही जुनी आहे. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती टोचवली. पिसाळलेला कुत्रा चावलेला तो मुलगा वाचला.

आता पुन्हा गल्लीतल्या भांडणाकडे येऊ. कुत्रे मारून टाकले तर रोगही जाईल आणि भीतीही जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईत १९९४ पर्यंत महापालिका तेच करत होती. वर्षानुवर्षे कुत्रे मारले, तरी ते संपले नाहीत. कारण सोपे आहे. कुत्री सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून साधारण दोन वेळा माजावर येते. जोपर्यंत गल्लीच्या टोकाला कचऱ्याचा ढीग आहे, तोपर्यंत रिकामी झालेली जागा शेजारच्या मोहल्ल्यातले कुत्रे येऊन भरतात. म्हणून नवा मार्ग निघाला. कुत्रे पकडायचे, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जेथून आणले तेथेच सोडायचे. यासाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये नियम केले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या एका कानाला खाच पाडलेली असते. तुमच्या मोहल्ल्यातल्या कुत्र्यांचे कान दुरूनच पाहा, म्हणजे तेथे काम किती झाले ते कळेल. एखाद्या भागातील शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर त्यांच्यातला रोगाचा फैलाव थांबतो.

यावर ज्यांचे मूल चावले गेले आहे, ते विचारतात, "कुत्रा पुन्हा आमच्याच दारात का सोडता?" हा प्रश्न रास्त आहे. नसबंदी केली म्हणून कुत्रा लगेच चावायचा थांबतो असे नाही, आणि कित्येक शहरांत हे काम फारच अपुरे झाले आहे. २०२५ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर ओरड झाली. २२ ऑगस्टला तो बदलण्यात आला. नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे परत सोडावेत, पिसाळलेले व अंगावर धावून येणारे सोडू नयेत, आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतून कुत्रे हलवून तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला. दोन्ही बाजूंचे लोक या निर्णयांवर अजून भांडतात. माझ्या मते कुत्र्यांना रोज भाकरी घालणाऱ्याने त्यांच्या नसबंदीसाठीही महापालिकेकडे खेटे घातले पाहिजेत; नाहीतर त्याची दया अर्धीच राहते. आणि जो कुत्र्यांवर चिडतो, त्याने कचरा कुंडीतच टाकावा. तोही कुत्र्यांना खाऊ घालतच असतो, फक्त त्याला ते माहीत नसते.

आणि घरातला कुत्रा? साखळीला बांधून दिवसभर गॅलरीत ठेवलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. लोक म्हणतात, "किती नशीबवान! आयते खातो." पण नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे ही १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याप्रमाणे क्रूरता आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये! आज एवढ्यात कुत्र्याची साखळीही येत नाही. थंड मुलखातले दाट केसांचे कुत्रे हौसेने नागपूरसारख्या गावात आणतात आणि एप्रिल-मेमध्ये ते धापा टाकत पडून राहतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो अंगातली उष्णता कमी करतो. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षे त्याला विषासारखी असतात. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या त्याच्या आतड्यात रुततात. ईदनंतर मोहल्ल्यातल्या कुत्र्यांपुढे अशी हाडे टाकताना हे लक्षात असू द्या.

कुत्रा पाळणाऱ्याने पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने देत राहावी. बाहेर नेताना गळ्यात पट्टा असावा. रस्त्यात घाण केली तर ती धन्यानेच उचलावी. शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणे यावरूनच होतात. पिल्लू आणण्याआधी एक हिशेबही करावा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. पाचवीत असताना आणलेले पिल्लू तुम्ही कॉलेजात जाल तेव्हा म्हातारे होऊन घरातच असणार. तेव्हा त्याला सकाळी फिरवायला कोण नेणार आणि दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे घरात सर्वांनी बसून आधीच ठरवावे लागते.

शब्दार्थ

मोकाट - मालक नसलेला, मोकळा फिरणारा
व्याकूळ - फार त्रासलेला
पिसाळणे - रेबीज होऊन वेडे होणे
मज्जातंतू - शरीरातील संवेदना वाहून नेणारे धागे
लस - रोग होऊ नये म्हणून टोचायचे औषध (टीका)
खेटे घालणे - एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा जाणे
रास्त - योग्य

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सगदीद' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) १८३२ साली एका कुत्र्यामागे किती बक्षीस मिळत असे?
(इ) नसबंदी झालेला कुत्रा कसा ओळखावा?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा चावल्यावर कोणती काळजी घ्यावी?
(आ) कुत्रे मारूनही त्यांची संख्या का कमी झाली नाही?

३. 'इमान', 'हकीकत', 'हुकूम' हे शब्द मराठीत व उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात, ते लिहा. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.

४. तुमच्या मोहल्ल्यातील मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीसाठी व लसीकरणासाठी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विनंतीपत्र लिहा.