स्मार्ट घराचे हब घेताना : इंटरनेट गेल्यावर दिवा लागेल का?

कापड घेताना गिऱ्हाईक ताग्याचा वरचा पदर पाहते, तर व्यापारी तागा उलगडून आतला पोत, काठ आणि पन्हा पाहतो. घरातले दिवे, पंखे, गिझर, कॅमेरे आणि दारावरची घंटी एकत्र चालविणारे ‘स्मार्ट होम हब’ नावाचे उपकरण सध्या परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांतील घरांत शिरत आहे. कोणी बिल्डरकडून फ्लॅटबरोबर घेतो, कोणाची मुले ऑनलाइन मागवितात, कोणाचे नातेवाईक आखातातून येताना भेट म्हणून आणतात. परंतु खरेदी मात्र वरचा पदर पाहूनच होते. बोलल्यावर ऐकते का आणि दिवे किती रंगांचे, एवढे दोन प्रश्न विचारून पैसे मोजले जातात. मीही तसेच मोजले होते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी परळच्या घरात मी अशी यंत्रणा बसविली. माझ्या वालिदांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या रात्री तहज्जुदसाठी उठतात. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पॅसेजमध्ये माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा दिवा बसविला. ‘आता याची गरज नाही’ असे म्हणून वायरमनने भिंतीवरचे जुने बटण काढून त्यावर पट्टी मारली. आठ महिने सगळे सुरळीत चालले. एका रात्री दिवा लागला नाही. अंधारात भिंत चाचपताना वालिदांचा तोल गेला आणि मनगटाला सहा आठवडे प्लास्टर बसले. वीज होती. घरातले इंटरनेटही चालू होते. बंद पडला होता तो कंपनीचा दूरवरचा सर्व्हर. आमच्या घरातल्या सेन्सरने आमच्याच घरातल्या दिव्याला पाठविलेला निरोप आधी त्या सर्व्हरकडे जाऊन मग परत येत होता, हे मला त्या दिवशी कळले. विक्रेत्याने सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

हबचे काम थोडक्यात असे समजावे. घरातील प्रत्येक स्मार्ट वस्तू बिनतारी लहरींवर बोलते, पण सगळ्यांची भाषा एक नसते. हब हा दुभाषी आणि मुनीम दोन्ही असतो. कोणत्या वेळी काय लागावे आणि कोणत्या चाहुलीवर काय चालू व्हावे, याची वही त्याच्याकडे असते. खरा प्रश्न हा की ती वही आपल्या घरात ठेवलेली आहे की परक्या पेढीवर. घरातच असेल तर इंटरनेट गेले तरी पॅसेजचा दिवा लागतो. फक्त बाहेरगावाहून मोबाइलवर घर पाहता येत नाही. वही परक्या पेढीवर असेल, तर ती पेढी बंद झाल्यावर आपला माल गोदामात असूनही आपला राहत नाही.

परक्या पेढ्या बंद होतात, याचे दाखले जगात आहेत. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे हब सुमारे ३०० डॉलरला विकले जात असे. ती कंपनी २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. हबमध्ये काही बिघडलेले नव्हते, तरी ते निरुपयोगी झाले. ‘विंक’ या कंपनीने २०२० मध्ये आधी विकलेल्या हबवर दरमहा शुल्क लावत असल्याचे जाहीर केले. ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. त्या वेळी मोबाइलवरून चालणारी कामे थांबली, परंतु ज्या घरांत बटण आणि दिवा यांची जोडणी थेट एकमेकांशी केलेली होती तेथे ती चालूच राहिली. पुढे त्याच वर्षी ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. या तिन्ही कंपन्या मोठ्या बाजारातल्या होत्या. स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी नावाच्या मालाबद्दल तर काही बोलायलाच नको.

आता भाषेचा विचार. सर्वांत सोपी वाटणारी वायफायची उपकरणे हबशिवायही चालतात, म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. दोन-चार दिव्यांपुरते ठीक आहे. पण घरातील प्रत्येक बटण वायफायवर टाकले की केबलवाल्याने दिलेला लहान राउटर दमतो. त्यातही यांतील बहुतेक माल २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो आणि गिरगावच्या चाळीत किंवा लालबागच्या टॉवरमध्ये त्या पट्टीवर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी आधीच असते.

‘झिगबी’ ही दुसरी भाषा. तिचीही पट्टी २.४ गिगाहर्ट्झचीच, पण वीज फार कमी लागते. बटणाएवढ्या सेलवर सेन्सर वर्ष-दीड वर्ष सहज चालतो. शिवाय विजेच्या तारेवर बसलेले प्रत्येक झिगबी बटण निरोप पुढच्याला पोहोचविते, त्यामुळे जाड भिंतींच्या घरातही टप्प्याटप्प्याने काम होते. सेलवर चालणारा सेन्सर मात्र असा निरोप पुढे देत नाही. हॉलमध्ये हब आणि मागच्या खोलीत एकटा सेन्सर ठेवून मध्ये काहीच नसेल, तर तक्रार हबची नसते.

आखातातून भेट आणणाऱ्यांनी ‘झेड-वेव्ह’ या तिसऱ्या भाषेकडे नीट लक्ष द्यावे. तिच्या लहरी देशाप्रमाणे बदलतात. भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात आणि दुबईत ८६८.४ च्या आसपास, अमेरिकेत ९०८.४. दुबईचे बटण आणि इथले हब एकमेकांना कधीच ऐकू शकत नाहीत. कापडात पन्हा चुकला तर निदान उशीचे अभ्रे शिवता येतात, इथे तेही नाही. झिगबीचा माल मात्र याच २.४ गिगाहर्ट्झवर जगभर चालतो.

चौथे नाव ‘मॅटर’. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. अॅपल, गूगल, अॅमेझॉन, सॅमसंग या एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळविणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरविलेली ही सामाईक बोली आहे. ती घरातल्या घरात चालण्यासाठीच आखलेली आहे आणि एकच बटण एकापेक्षा अधिक कंपन्यांच्या हबला जोडता येते. म्हणजे एका पेढीशी बिनसले तर दुसरीकडे जाता येते. मॅटरची काही उपकरणे वायफायवर चालतात, काही ‘थ्रेड’ नावाच्या लहरीवर. थ्रेडच्या मालासाठी हबमध्ये ‘थ्रेड बॉर्डर राउटर’ आहे का, हे खोक्यावर पाहावे. जुना झिगबी माल मात्र मॅटरमध्ये आपोआप येत नाही, त्यासाठी मध्ये दुवा लागतो. माझे मत विचाराल तर आज नवे हब घेणाऱ्याने झिगबी आणि मॅटर दोन्ही समजणारेच घ्यावे.

हबच्या आधी घराचे वायरिंग पाहावे, ही गोष्ट विक्रेता कधीच सांगत नाही. स्मार्ट बटणाला स्वतःसाठी थोडी वीज सतत लागते, म्हणून बहुतेकांना न्यूट्रल तार हवी. आपल्या बोर्डात बटणाशेजारी सॉकेट असते, तेथे न्यूट्रल आलेली असते. पॅसेज, जिना, न्हाणीघराबाहेरचे एकट्या बटणाचे बोर्ड असतात तेथे बहुधा नसते. वायरमनला आधी बोर्ड उघडून दाखवायला सांगावे, मग खरेदी करावी. गिझरचाही हिशेब करावा. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि ३००० वॉटचा तेरा. त्यावर १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावणे म्हणजे आगीला दावत देणे होय. तेथे १६ अँपिअरचाच घ्यावा. भिंतीवरचे जुने बटण काढू देऊ नये. त्याच्या मागे बसणारे मॉड्यूल मिळते, त्यात हाताचे बटणही चालते आणि हबही. आमच्या पॅसेजमधले बटण आम्ही पट्टी काढून परत बसविले.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. दहाच्या सुमारास शहराची वीज गेली आणि लोकल जागीच थांबल्या. असे झाल्यावर वीज परत येते तेव्हा कोणते उपकरण चालू होते आणि कोणते बंद राहते, हे स्मार्ट मालात आधीच ठरविता येते. गिझर आणि इस्त्री बंदच राहावी, रात्रीचा दिवा मात्र पूर्वीच्या स्थितीत यावा. ज्या मालात हा पर्याय नाही तो घेऊ नये. राउटर आणि हब यांना एक लहान यूपीएस जोडावा. हिंदमाताच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्यांना किंवा दुकान असणाऱ्यांना हब कमरेच्या वर ठेवा, हे पावसाळ्यानेच शिकविलेले आहे.

पुष्कळ ठिकाणी हब बोलक्या स्पीकरच्या पोटातच असते. अॅमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या मोठ्या ‘इको’मध्ये झिगबी हब आहे, पण त्याच नावाच्या लहान ‘डॉट’मध्ये नाही. त्यामुळे नाव वाचून फसू नये. सोय मोठी आहे, अलेक्सा २०१९ पासून हिंदीही समजते. परंतु घरात कायम ऐकणारा कान ठेवतो आहोत, याचे भान हवे. अमेरिकेत काही ग्राहकांना आपला आवाज कंपनीकडे न पाठविण्याचा पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून काढून घेण्यात आला. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरण्याची मनाई आहे. पाहुणे, लेकीसुना ज्या खोलीत बसतात तेथे असा कान आणि शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा ठेवताना त्या मनाईचा विचार प्रत्येकाने करावा. आमच्या घरी स्पीकर दिवाणखान्यात आहे आणि त्याच्या माइकचे बटण बहुतेक वेळ बंद असते.

खरेदीसाठी लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड दोन्हीकडे फिरलो. लोहार चाळीत एका तरुणाने, “सब चलता है, चाचा,” असे म्हणून खोका पुढे केला. मी म्हटले, “बेटा, इंटरनेटची तार काढून चालवून दाखव.” त्याने मान खाली घातली. पलीकडच्या दुकानदाराने मात्र तार काढली, बटण दाबले आणि दिवा लावून दाखविला. मी तेथे घेतले, थोडे महाग पडले. ज्यांच्या घरी संगणकाची आवड असलेला मुलगा आहे त्यांनी ‘होम असिस्टंट’चाही विचार करावा. २०१३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली ‘रास्पबेरी पाय’सारख्या लहान संगणकावर चालते आणि तिची वही पूर्णपणे घरातच राहते. मात्र बिघडले तर दुरुस्त करणारा घरात हवा.

आपल्या समाजातील अनेक तरुण वायरिंग आणि कॅमेऱ्यांच्या कामात आहेत आणि आता हा धंदाही करू लागले आहेत. त्यांना एक सांगणे आहे. मालातला ऐब विकणाऱ्याने स्वतःहून सांगावा आणि लपवला तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क, म्हणजे खियार, आहे, हे आपण लहानपणी शिकलो. सर्व्हरवर अवलंबून असणे हा ऐबच आहे. बिलावर एक ओळ लिहून द्यावी : इंटरनेटशिवाय काय चालेल, काय चालणार नाही, आणि पुढे महिन्याचे शुल्क लागणार आहे की नाही. ती ओळ लिहिणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, हा माझा कापडातला तीस वर्षांचा अनुभव आहे.

घरी बसविल्यावर पहिल्याच आठवड्यात परीक्षा घ्यावी. राउटरला येणारी बाहेरची तार काढावी, राउटर चालूच ठेवावा, आणि रात्री दिवे मालवून घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या वाटेने चालून पाहावे. नंतर मेन स्वीच पाच मिनिटे बंद करून चालू करावा आणि काय काय आपोआप लागते ते कागदावर टिपून घ्यावे. माल परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकावे.