झिजलेले हाड पुन्हा भरते काय?

प्रश्न : दाढ काढून दोन वर्षे झाली, जबड्याचे हाड झिजले आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ते भरेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चर्वणाचा भार नाहीसा झाल्याने झिजलेले हाड गोळ्यांनी भरत नाही, तथापि निराश होऊ नये, दातावरील एनॅमल घडविणाऱ्या पेशी दात उगवताच लोप पावत असल्याने ते पुन्हा निर्माण होत नाही, हाड मात्र सजीव असल्यामुळे, अस्थिरोपणाचा आधार मिळाल्यास, बहुधा काही महिन्यांत नव्याने घडते व त्यात कृत्रिम दाताचा टायटॅनियमचा खुंट पक्का रुजू शकतो. शस्त्रक्रिया नको असल्यास ब्रिज किंवा कवळीही चालेल. खर्च पेलवत नसेल, तर मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तंबाखू सोडावी, आणि अस्थिठिसूळतेवरील औषध चालू असल्यास ते परस्पर बंद न करता दंतवैद्यांस आधी अवश्य कळवावे, कारण काही औषधांमुळे कधीकधी जबड्याची जखम भरत नाही.