आधी रांजण घासा, मग धुरळणी मागा

वाशी तालुक्यात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. नळाला रोज पाणी येत नसेल तर बॅरल, रांजण, हौद भरून ठेवावेच लागतात. त्यासाठी कुणाला बोल लावणार? पण डेंग्यूचा एडिस डास वाढतो तो नेमका याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात. तेव्हा ‘आमच्या दारात गटार नाही, मग डेंग्यू कसा?’ असं विचारण्याआधी मोरीतल्या बॅरलमध्ये डोकावून बघा.

मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून देऊ नका, आतून काथ्यानं खसाखसा घासा. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठी. हौद रिकामा करणं जमत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. गल्लीत धुरळणीचं यंत्र फिरलं की लोक निर्धास्त होतात, पण तो धूर उडते डास मारतो, रांजणातल्या अळ्या नाही. शिवाय हा डास दिवसा चावतो. तापाच्या रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याचं रक्त पिऊनच डास रोग पुढे नेतो.

पाण्याचं तेच धान्याचं. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं मामला गाव जुन्या मंडळींना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिलं. त्यावर उंदीर माजले. १९९४च्या पावसाळ्यात ते मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव झाला आणि मग माणसांना गाठीचा प्लेग. उंदीर मेला की पिसू दुसरं अंग शोधते. म्हणून घरात एकाएकी उंदीर मरू लागले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. अशा वेळी आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर.

आता पुन्हा डेंग्यूकडे. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.