ढालीचे मोल

नाशिकहून वायव्येकडे निघाले की, थोड्याच वेळात सपाट शेते मागे पडतात आणि सह्याद्रीचे डोंगर जवळ येऊ लागतात. पेठ आणि सुरगाणा हे तालुके ह्याच डोंगराळ भागात आहेत. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो. उतारांवर नागली आणि वरई, तर खाचरांत भात पिकतो. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांची ही भूमी.

अशा भागातील दवाखान्यात कधी कधी एखादे मूल येते. त्याचा चेहरा फिकट आणि डोळे पिवळसर असतात. हाडांत व सांध्यांत असह्य कळा येत असतात. त्याला कोठे मार लागलेला नसतो की काही विषारी चावलेले नसते. दुखणे त्याच्या रक्तातच असते आणि ते त्याला जन्माबरोबरच मिळालेले असते. ह्या आजारास ‘सिकलसेल’ म्हणतात. ‘सिकल’ म्हणजे विळा आणि ‘सेल’ म्हणजे पेशी.

जो आजार मुलांना इतका छळतो, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून कसा राहिला? ह्या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. ते समजण्यासाठी प्रथम आपले शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, हे पाहू या.

आपले शरीर हे एखाद्या गडासारखे आहे. त्वचा हा त्याचा तट. खोकला आणि शिंक हे त्याचे पहारेकरी. ते नकोशा वस्तूंना बाहेर हाकलून देतात. ताप आला की आपण त्यालाच रोग समजतो. वास्तविक पुष्कळ वेळा शरीर स्वतःच आपली उष्णता वाढवीत असते. वाढलेल्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी अधिक जोमाने लढतात. परंतु ह्या लढाईत अंग मोडून येते, भूक मंदावते, शक्ती क्षीण होते. ताप फार चढला तर अपायही होतो. म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच लागतो. तात्पर्य, कोणतीही ढाल फुकट मिळत नाही. तिचे मोल द्यावे लागते.

ह्या ढाली कोणी एका दिवसात घडविल्या नाहीत. ज्या जीवांपाशी संरक्षणाचे साधन होते, ते अधिक संख्येने जगले आणि त्यांचा तो गुण त्यांच्या संततीत उतरला. असे असंख्य पिढ्या चालले. चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्यालाच ‘नैसर्गिक निवड’ असे नाव दिले.

आता पुन्हा रक्ताकडे वळू. रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू पोहोचविते. हिमोग्लोबिनमध्ये १४६ कड्यांची एक साखळी असते. तिची केवळ सहावी कडी बदलली, तर प्राणवायू देऊन झाल्यावर पेशी ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून अंगात रक्त कमी पडते.

हिमोग्लोबिन कसे घडवावे, ह्याची एक आज्ञा आपल्याला आईकडून मिळते आणि दुसरी वडिलांकडून. दोन्ही आज्ञा बदललेल्या असल्या, तरच हा आजार होतो. एकच बदललेली असली, तर ती व्यक्ती ‘वाहक’ ठरते आणि सामान्यतः निरोगी राहते. एवढेच नव्हे, तर तिला एक ढालही लाभते!

ही ढाल हिवतापाविरुद्धची होय. डास चावल्यावर हिवतापाचे जंतू रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशींत वाढतात. वाहकाच्या पेशीत जंतू शिरला की, ती पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट नष्ट करते. वाहक मुलाला हिवताप होत नाही असे नाही. पण त्यामुळे प्राण जाण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. रक्तातील दोष आणि हिवताप ह्यांचा असा संबंध असावा, असे जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी १९४९ साली सुचविले. पुढे १९५७ साली ते भारतातच येऊन राहिले. सिकलसेलच्या बाबतीत हा संबंध ॲन्थनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवून दिला.

पूर्वी हिवतापाचा कहर केवढा होता! १९४७ च्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख लोक त्याला बळी पडत. अशा काळात रानावनांत जी मुले जगली, त्यांत वाहक मुले अधिक होती. म्हणून बदललेली आज्ञा टिकून राहिली. मात्र आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक असतो. अनेकांना वाचविणाऱ्या ढालीचे मोल त्या एका बालकाला द्यावे लागते. निसर्गाचा हिशेब असा निष्ठुर असतो.

हा आजार केवळ नाशिकच्या डोंगरांत नाही. नंदुरबार, धुळे, चंद्रपूर, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत तो आहे. तसाच तो आफ्रिका, अरबस्तान आणि ग्रीस येथेही आहे. म्हणून तो कोणाचे पाप नव्हे, शाप नव्हे आणि कोणत्याही जातीचा कमीपणा तर नव्हेच. पूर्वजांनी मृत्यूशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

आज हिवतापावर औषधे आहेत. ढालीची गरज उणावली. पण मोल मात्र अद्याप द्यावे लागत आहे. निसर्ग सावकाश बदलतो. माणसाला तितके थांबण्याचे कारण नाही. रक्ताच्या साध्या तपासणीने वाहक कोण, हे कळते. विवाहापूर्वी ते जाणून घेता येते. औषधाच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव ह्यांमुळे रुग्णाच्या वेदना कमी होतात. १ जुलै २०२३ पासून ह्या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

मुलांनो, तुमच्या वर्गात असा एखादा सोबती असेल. खेळताना तो लवकर दमेल, वारंवार शाळेत येऊ शकणार नाही. त्याला आळशी म्हणू नका. त्याला पाणी द्या, बुडालेला अभ्यास सांगा. निसर्गाला दया ठाऊक नाही. माणसाला ती ठाऊक आहे.

स्वाध्याय

१. ‘कोणतीही ढाल फुकट मिळत नाही’ हे विधान तापाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वाहक आणि रुग्ण ह्यांत कोणता फरक आहे?
३. हिवताप कमी झाल्यावरही सिकलसेल का टिकून आहे?
४. आजारी सोबत्याला तुम्ही कशी मदत कराल, ते पाचसहा ओळींत लिहा.