रांगेतील प्रतीक्षा आणि दिव्यांगांची समान संधी

सार्वजनिक व्यवहारात रांगेइतकी न्याय्य मानली गेलेली दुसरी व्यवस्था क्वचितच आढळेल. जो आधी आला त्याचा क्रम आधी, एवढ्या एकाच नियमावर ती चालते. पद, पैसा वा ओळख यांना तीत स्थान नसते, निदान नसावे अशी अपेक्षा असते. तथापि रांग एक गोष्ट गृहीत धरीत असते. ताटकळत उभे राहण्याची, गर्दी व गोंगाट सोसण्याची आणि आपली पाळी केव्हा येईल हे ठाऊक नसतानाही स्वस्थ राहण्याची ताकद सर्वांच्या ठायी सारखीच आहे, असे ती मानते. ज्यांच्या ठायी ती ताकद नाही, त्यांच्या बाबतीत समान नियमातून विषम परिणाम निघतो. या प्रश्नाचा सविस्तर अनुभव एका काहीशा अनपेक्षित क्षेत्रात, अमेरिकेतील करमणूक उद्यानांत, जमा झालेला आहे. रुग्णालये, कार्यालये, परीक्षा केंद्रे व यात्रा यांची व्यवस्था ज्यांना पाहावी लागते, त्यांनी तो अभ्यासण्याजोगा आहे.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली व फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झाले. अशा उद्यानातील मुख्य आकर्षण म्हणजे तेथील राइड्स. पाळण्यात, नावेत वा रुळांवरून धावणाऱ्या गाडीत बसून केलेली ही सफर काही मिनिटांचीच असते. मात्र गर्दीच्या दिवशी लोकप्रिय राइडसाठी तास-दीड तास रांगेत थांबावे लागते. दिवसभराचे तिकीट काढून आलेल्या कुटुंबाचा दिवस प्रत्यक्ष करमणुकीपेक्षा प्रतीक्षेतच अधिक जातो. त्यामुळे येथे रांग हाच मनोरंजनाचा दरवाजा होय, आणि तो कोणाला कसा उघडतो यावर सारे अवलंबून असते.

कायद्याची भूमिका

अमेरिकेत १९९० साली दिव्यांगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. जनतेसाठी खुल्या असलेल्या खाजगी व्यवसायांनाही तो लागू आहे. दिव्यांग व्यक्तीस सेवेचा समान लाभ घेता यावा यासाठी आवश्यक असतील ते वाजवी फेरबदल व्यवसायाने आपल्या नियमांत केले पाहिजेत, आणि त्यांचा खर्च म्हणून त्या व्यक्तीकडून जादा आकार घेता कामा नये, असे हा कायदा सांगतो. मात्र ज्या बदलामुळे सेवेचे मूळ स्वरूपच पालटेल तो करण्याचे बंधन नाही. गोल्फच्या स्पर्धेत पायाने अधू असलेल्या केसी मार्टिन या खेळाडूस चालण्याऐवजी गाडी वापरू द्यावी काय, हा वाद २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने हीच कसोटी लावली. फटका मारणे हा खेळाचा गाभा आहे, चालणे नव्हे, असे ठरवून न्यायालयाने गाडीस अनुमती दिली. उद्यानांच्या बाबतीतही पुढे हाच प्रश्न उभा राहिला : रांगेत थांबणे हा करमणुकीचा गाभा आहे काय?

शरीराने रांगेत शिरता न येणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण त्याचे उत्तर बांधकामात होते. जुन्या राइड्सच्या रांगा अरुंद, वळणावळणाच्या व पायऱ्यांच्या असत. व्हीलचेअरवरील व्यक्तीस बाहेर पडण्याच्या दारातून आत घेत. साहजिकच तिला रांगेत थांबावे लागत नसे. पुढे रांगांचे मार्ग रुंद करण्यात आले. २०१० च्या बांधकाम मानकांनुसार, काही अपवाद वगळता, नव्या राइडमध्ये व्हीलचेअरसाठी जागा, किंवा खुर्चीतून सरकून बसता येईल असे आसन, किंवा तसे बसविणारे साधन यांपैकी एक तरी असणे २०१२ पासून बंधनकारक झाले. याचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. मार्ग रुंद होताच व्हीलचेअरवरील व्यक्ती इतरांबरोबर त्याच रांगेत आली आणि तिची प्रतीक्षा वाढली. काहींना ही सवलत हिरावल्यासारखी वाटली. परंतु समानता म्हणतात ती हीच. उलट जेथे व्हीलचेअरसह चढता येईल अशा नावा वा गाड्या मोजक्याच असतात, तेथे तिला आजही इतरांपेक्षा अधिक वेळ थांबावे लागू शकते, याकडे टीकाकारांचे लक्ष फारसे जात नाही.

थांबणेच अशक्य असेल तर

खरा कठीण प्रश्न ज्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही त्यांचा. स्वमग्न मूल चालू शकते, धावू शकते. परंतु बंदिस्त मार्गात, अनोळखी स्पर्शांच्या व आवाजांच्या गर्दीत पाऊण तास थांबणे त्याला असह्य होते. उद्या किंवा थोड्या वेळाने, या शब्दांना त्याच्या लेखी अर्थ असेलच असे नाही. आतड्याचा विकार असलेल्या माणसास रांग सोडून तातडीने जावे लागते. अशांसाठी रस्ता रुंद करून भागत नाही. त्यांच्या प्रतीक्षेचे स्वरूपच बदलावे लागते.

२०१३ पर्यंत डिस्नेच्या उद्यानांत यासाठी साहाय्यपत्र देण्यात येत असे. ते दाखविल्यावर बहुधा दुसऱ्या प्रवेशमार्गाने लवकर आत जाता येई. वैद्यकीय दाखला मागितला जात नसे. व्यवस्था विश्वासावर चालली होती आणि तिचा गैरफायदाही घेतला जात होता. न्यूयॉर्कमधील काही श्रीमंत कुटुंबे ताशी १३० डॉलर देऊन दिव्यांग वाटाड्या भाड्याने घेतात व त्याच्या नावावर रांग टाळतात, असे वृत्त मे २०१३ मध्ये तेथील एका दैनिकाने दिले आणि बरीच खळबळ उडाली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरपासून ती योजना बंद करून नवी योजना आणण्यात आली.

नव्या योजनेचे तत्त्व असे : रांगेत शरीराने उभे राहू नये, पण वेळ मात्र तितकाच जावा. समजा, दोन वाजता राइडची प्रतीक्षा साठ मिनिटांची आहे. पात्र व्यक्तीस सुमारे तितक्या अवधीनंतरची परतीची वेळ नोंदवून मिळते. तोवर तिने सावलीत बसावे, खावे, शांत जागी जावे आणि वेळ झाली की दुसऱ्या दाराने आत यावे. एका वेळी एकाच राइडची नोंद होते. येथे पुढे घुसण्याचा प्रश्न नसून प्रतीक्षेची केवळ जागा बदलते.

ही योजना न्याय्य आहे काय, हे पाहण्यासाठी थोडे गणित मांडले पाहिजे. तासाला १००० माणसे नेणारी एक राइड घेऊ. साध्या रांगेत आपल्यापुढे १००० माणसे असतील तर एका तासात पाळी येईल. तासाच्या २०० जागा दुसऱ्या दारासाठी राखल्या तर साध्या रांगेसाठी ८०० उरतात आणि प्रतीक्षा ७५ मिनिटांची होते. निम्म्या जागा राखल्या तर ती दोन तासांवर जाते. जागा वाढत नसतात, फक्त वाटल्या जातात. म्हणून प्रत्येक सवलतीचा भार साध्या रांगेवर पडतो, आणि त्या रांगेतही वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले असतात.

परतीच्या वेळेच्या पद्धतीत याहून सूक्ष्म असा एक भेद दडलेला आहे. ज्याला खरोखरच रांगेत थांबता येत नाही, तो मधला तास बाकावर घालवितो; त्याला जादा असे काहीच मिळत नाही. पण जो थांबू शकतो, तो ही नोंद करून मधल्या तासात दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा राहतो आणि एका तासात दोन राइड्स पदरात पाडून घेतो. सवलतीचे मोल गरजवंतापेक्षा बिगरगरजूलाच अधिक, असा हा उलटा प्रकार आहे. गैरवापराचे मूळ माणसांच्या लबाडीइतकेच या रचनेतही आहे, असे आमचे मत आहे.

न्यायालयातील वाद

अनेक पालकांना ही व्यवस्था मान्य झाली नाही. त्यांचा मुद्दा विचारात घेण्यासारखा होता. आमचे मूल उद्यानात दिवसभर टिकत नाही. तीन-चार तासांत ते थकून वा बिथरून जाते. मग रांगेबाहेरचा तास तरी इतरांच्या तासाइतका कसा? समान मिनिटे म्हणजे समान भार नव्हे. २०१४ साली अनेक कुटुंबांनी दावे दाखल केले. त्यांपैकी एका स्वमग्न तरुणाच्या दाव्यात असे मांडण्यात आले की तो उद्यानात ठरलेल्या क्रमानेच फिरतो, तो क्रम मोडणे त्याला सहन होत नाही आणि म्हणून त्याला प्रत्येक राइडवर जवळजवळ तात्काळ प्रवेश मिळावा.

२०१८ मध्ये अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, अशा व्यक्तीला मागितलेला फेरबदल आवश्यक आहे की नाही हे पुरावा पाहूनच ठरविले पाहिजे, असे सांगून प्रकरण खाली परत पाठविले. २०२० मध्ये साक्षीपुरावे होऊन फ्लॉरिडातील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. तो तरुण प्रतीक्षा करू शकतो, परतीची वेळ व इतर सोयी एकत्र वापरल्यास त्याला समान लाभ मिळतो, आणि अमर्याद तात्काळ प्रवेश दिल्यास इतरांची प्रतीक्षा इतकी वाढेल की सेवेचे स्वरूपच बदलेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०२२ मध्ये अपिलातही हाच निर्णय कायम झाला. गोल्फच्या निकालातील कसोटी येथे उलट दिशेने गेली हे लक्षात घ्यावे. मार्टिनच्या गाडीमुळे दुसऱ्या कोणा खेळाडूची वाट लांबली नव्हती.

पैशाची रांग

दरम्यान आणखी एक बदल घडला. डिस्नेने १९९९ पासून सर्वांसाठी विनामूल्य ठेवलेली आगाऊ वेळ नोंदविण्याची सोय कोविडच्या साथीनंतर परत आली नाही; ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या जागी पैसे भरून जलद मार्गाने जाण्याची सोय आली. दिव्यांगांच्या योजनेतील व्यक्तीही याच मार्गाने आत येतात. म्हणजे जे इतरांना दाम मोजून मिळते ते या योजनेत विनामूल्य मिळू लागले. योजनेचा वापर पाच वर्षांत तिपटीहून अधिक वाढल्याचे कंपनीने २०२४ मध्ये सांगितले. यातील सारी वाढ खोट्यांची समजणे चुकीचे ठरेल. स्वमग्नतेचे निदानही अमेरिकेत वाढत गेले आहे. आठ वर्षांच्या मुलांत २००० साली दर १५० मध्ये एक असे असलेले प्रमाण २०२२ च्या पाहणीत दर ३१ मध्ये एक असे आढळले.

२०२४ साली, फ्लॉरिडात २० मेपासून व कॅलिफोर्नियात १८ जूनपासून, नियम कडक झाले. स्वमग्नता वा तत्सम विकासात्मक अक्षमतेमुळे ज्यांना दीर्घकाळ रांगेत थांबता येत नाही, त्यांच्यापुरतीच योजना मर्यादित करण्यात आली. अर्जदाराशी दूरचित्र संभाषणाद्वारे मुलाखत होते. खोटी माहिती देणाऱ्यास कायमची प्रवेशबंदी होते. आतड्याचे वा अन्य विकार असणाऱ्यांना रांग सोडून पुन्हा आपल्या माणसांजवळ परतण्याची मुभा यासारखे पर्याय सुचविले जातात. अनेक जुन्या लाभार्थींनी याविरुद्ध तक्रार केली आहे आणि ती निराधार नाही. २००८ च्या दुरुस्तीने आतड्याच्या व मूत्राशयाच्या कार्यातील बिघाडाचा उल्लेख अमेरिकी कायद्यात स्पष्टपणे केला आहे. खचाखच भरलेल्या वळणदार मार्गातून तीनशे माणसांना ओलांडून बाहेर पडणे व पुन्हा आत येणे, ही सोय कागदावर जितकी सुटसुटीत दिसते तितकी प्रत्यक्षात नसते. गरज काय, हे विचारण्याऐवजी रोगाचे नाव काय, हे विचारले की असे घडते.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या कन्येच्या अनुभवावरून २०१० मध्ये मॉर्गन्स वंडरलँड हे उद्यान उभारले. तेथे दिव्यांगांना प्रवेश विनामूल्य असून मेरी-गो-राउंडवर व्हीलचेअरसह बसता येते. २०१७ मध्ये जोडलेल्या जलउद्यानात पाण्यात चालणाऱ्या खास खुर्च्या आहेत. मात्र हा सेवाभावी प्रयत्न आहे. नफ्यावर चालणाऱ्या मोठ्या उद्यानांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्याकडील कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या ३० व्या अनुच्छेदात करमणूक, विरंगुळा व खेळ यांतील सहभाग हा हक्क मानला आहे. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते व त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार असून स्वमग्नतेचा त्यांत समावेश आहे. वाजवी सोय ही संकल्पना या अधिनियमात व्याख्येसह आलेली आहे, आणि फसवणुकीने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ९१ मध्ये आहे.

व्यवहारात मात्र आपला सारा भर चाळीस टक्के या आकड्यावर असतो. आरक्षण व काही योजनांसाठी तो आकडा आवश्यक आहे. परंतु दाखल्यावरील टक्केवारीवरून ती व्यक्ती किती वेळ उभी राहू शकेल, किंवा गोंगाटात थांबू शकेल काय, हे कळत नाही. शिक्षकांच्या परिचयाच्या एका क्षेत्रात या प्रश्नाचा निर्णय झालेला आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका परीक्षार्थीस, दिव्यांगत्व चाळीस टक्के नाही म्हणून, लेखनिक नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात निर्णय दिला की वाजवी सोयीचा हक्क त्या टक्केवारीने बांधलेला नाही, आणि याविषयी मार्गदर्शक सूचना तयार करण्यास शासनास सांगितले. १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने त्या काढल्या. त्यांनुसार परीक्षार्थीने द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्याला लिहिण्यात अडचण आहे व लेखनिकाची आवश्यकता आहे, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नमूद करावयाचे होते.