कागदावर सुकविलेलें रक्त आणि शिरेंतील रक्त

रक्ततपासणी म्हटली म्हणजे हाताच्या शिरेंतून नळी भरून घेणें, ती थंड ठेवणें आणि वेळेंत प्रयोगशाळेस पोंचविणें, हें ओघानेंच आलें. आमच्या कळंबसारख्या समुद्रकांठच्या गांवाहून, तेंही ऐन पावसाळ्यांत, हें सोपें नाहीं. सबब बोटाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या टाचेच्या टोचणींतून निघालेले थेंब जाड गाळण-कागदावर टिपून, सुकवून, टपालानें धाडण्याची रीत पुढें आली आहे. रीत तशी जुनी आहे. अमेरिकेंत रॉबर्ट गथ्री यांनीं नवजात बालकांच्या तपासणीसाठीं ती १९६३ सालीं प्रसिद्ध केली. हा सुका डाग ओल्या नमुन्याच्या तोडीचा असतो काय, हा प्रश्न मात्र अनेक घरीं विचारला जातो.

कागदावरील एका वर्तुळांत सुमारें ५० मायक्रोलिटर रक्त मावतें. प्रयोगशाळेंत त्यांतून ३ मिलिमीटर व्यासाची टिकली कापतात. तींत जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त येतें. ज्यांनीं दप्तरांत टीपकागद वापरला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, पातळ शाई दूरवर पसरते आणि दाट शाई जागच्या जागीं राहते. रक्ताचेंही तसेंच आहे. रक्तक्षय झालेल्या बाईचें रक्त पातळ, तें अधिक पसरतें. मग तेवढ्याच टिकलींत रक्त कमी येतें आणि मोजमाप खरें त्याहून कमी भरतें. पीक-कापणीचे तक्ते आम्हीं नोकरींत वर्षानुवर्षें भरले. ओल्या भाताच्या वजनांतून वाळवणीची तूट वजा न करतां उत्पन्न धरणें जसें चूक, तसेंच येथेंही सुधारणेवांचून आंकडा घेणें चूक.

यावरून भेद ध्यानांत येईल. रोग 'आहे कीं नाहीं' एवढेंच विचारावयाचें असल्यास सुका डाग बहुधा चांगला टिकतो. 'किती आहे' असें विचारतांच तो डळमळतो. एच. आय. व्ही. बाधित मातेच्या बाळाची तपासणी आपल्या देशांत २०१० पासून अशा डागावर होत आली आहे. बाळाच्या अंगांत मातेचीं प्रतिद्रव्यें अठरा महिन्यांपर्यंत राहूं शकतात, म्हणून तेथें विषाणूचें बीजद्रव्यच शोधावें लागतें, आणि त्या कामीं डाग पुरा पडतो. तरी निकाल बाधित आल्यास दुसरा नमुना घेऊन खात्री करतात. परंतु विषाणूंची संख्या मोजतांना पेशींतील बीजद्रव्यही मिसळतें आणि आंकडा फुगूं शकतो. रक्तपेशींची मोजणी तर सुक्या डागावर होतच नाहीं, कारण सुकतांना पेशी फुटतात.

सिकलसेलची गोष्ट आपल्या जिल्ह्यास अधिक जवळची. आदिवासी कुटुंबांत हा रोग आढळतो, आणि तीं कुटुंबें आपल्याच वाड्यांत नि भातखाचरांत राबतात. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. मोठ्या माणसांत चालणारी विद्राव्यतेची साधी चाचणी सहा महिन्यांच्या आंतील बाळास लागू पडत नाहीं, कारण त्याच्या रक्तांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुष्कळ असतें. यंत्रानें हिमोग्लोबिनांचे प्रकार वेगळे करणारी तपासणी मात्र सुक्या डागावरही होते. अलीकडे रक्त चढविलें असेल तर डाग काय नि नळी काय, दोन्ही फसवितात. तें आधीं सांगावें.

डागाचा खरा वैरी दमट हवा. कार्ड उन्हांत न ठेवतां, आडवें, निदान तीन-चार तास सुकवावें. मगच ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवींत घालावें. दमट उष्ण हवेंत जी-६-पी-डी सारखीं द्रव्यें क्षीण होतात, आणि निरोगी मूल रोगी ठरूं शकतें.

आमच्या ओळखीच्या एका मजुराच्या बाळाचें कार्ड श्रावणांत ओलेंच पिशवींत भरलें गेलें. 'नमुना अपात्र' असें उत्तर आलें. बापानें त्याचा अर्थ 'रोग नाहीं' असा घेतला, आणि कोणीं त्यास समजाविलें नाहीं. पुढें ताप आल्यावर शिरेंतून रक्त घेतलें, तेव्हां सिकलसेल निघाला. अशा बाळास दोन-तीन महिन्यांच्या वयापासून पांच वर्षांपर्यंत पेनिसिलिन द्यावें लागतें. या बाळाचे चार महिने तसेच गेले होते. मूल वांचलें. आपल्या वाडीवरील कोणास असें उत्तर आलें, तर त्याच आठवड्यांत दुसरा नमुना द्यावयास लावावें, आणि त्या दिवसाची मजुरी कापूं नये.